‘हरित’ शिक्क्यामागचा नियम कसा वाचायचा? नव्या गुंतवणूकदारासाठी पायरी-पायरीने

आपला पैसा चांगल्या कामाला लागावा आणि बुडूही नये, असं वाटणारी माणसं आपल्याकडे भरपूर आहेत. त्यांचं घोडं अडतं ते पुढच्याच टप्प्यावर. ‘हरित’, ‘शाश्वत’, ‘ईएसजी’ (म्हणजे पर्यावरण, समाज आणि कंपनीचा कारभार) असे शब्द मिरवणारे फंड, रोखे (म्हणजे सरकारला किंवा कंपनीला व्याजाने दिलेलं कर्ज) आणि ठेवी समोर येतात. त्यातलं खरं कोणतं आणि नावापुरतं कोणतं, हे ओळखायला हाताशी काहीच नसतं. एजंटला विचारावं तर तो माहितीपत्रकातलीच वाक्यं वाचून दाखवतो.

माझं म्हणणं असं की शिक्क्याकडे पाहण्याआधी त्यामागचा सरकारी नियम पाहावा. गेल्या दहा-पंधरा वर्षांत सेबी (शेअर बाजारावर देखरेख ठेवणारी संस्था), रिझर्व्ह बँक आणि केंद्र सरकार यांनी बरेच नियम केले आहेत. ते मराठी गुंतवणूकदारापर्यंत फारसे पोचलेले नाहीत, आणि पोचले तरी कायद्याच्या भाषेत पोचतात. नियम कोणताही असो, त्याला तीन प्रश्न विचारायचे. पैसा नेमका कुठे जाणार? तो तिथेच गेला हे कोण तपासणार? आणि तिथे गेला नाही तर काय होणार? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर बहुतेक ठिकाणी सगळ्यात लंगडं असतं, म्हणून तोच सर्वांत आग्रहाने विचारायचा.

हा लेख कुठे पैसे घाला हे सांगत नाही. तो सल्ला सेबीकडे नोंदणी असलेल्या सल्लागाराकडूनच घ्यावा.

पहिली पायरी: सरकार काय काय करू शकतं ते समजून घ्या

सरकारच्या हातात मोजकीच साधनं आहेत. कंपन्यांना माहिती उघड करायला लावणं हे पहिलं. ‘हरित’ कशाला म्हणायचं याची व्याख्या करणं हे दुसरं. चांगल्या कामासाठीचा पैसा अनुदानाने किंवा प्रोत्साहनाने स्वस्त करणं हे तिसरं. आणि लोकांचा पैसा सांभाळणाऱ्या संस्थांना मालकासारखं वागायला, म्हणजे कंपन्यांच्या सभांमध्ये मत द्यायला भाग पाडणं हे चौथं.

भारतात सुरुवात पहिल्या साधनापासून झाली. २०११ मध्ये कंपनी व्यवहार मंत्रालयाने जबाबदार व्यवसायासाठी ऐच्छिक मार्गदर्शक तत्त्वं काढली. २०१२ मध्ये सेबीने सर्वांत मोठ्या १०० सूचिबद्ध (म्हणजे शेअर बाजारात नोंद असलेल्या) कंपन्यांना त्यावर अहवाल देणं सक्तीचं केलं. हा आकडा पुढे ५०० आणि मग १००० झाला. २०२१ मध्ये अहवालाचा नमुनाच बदलला. आज ज्याला बीआरएसआर, म्हणजे व्यवसायाची जबाबदारी आणि शाश्वतता यांचा अहवाल, म्हणतात तो हा नमुना २०२२-२३ या आर्थिक वर्षापासून पहिल्या १००० कंपन्यांना बंधनकारक आहे.

व्याख्येच्या बाबतीत आपण मागे आहोत. हवामान-अर्थसाहाय्याची अधिकृत वर्गवारी, म्हणजे कोणती कामं हवामानाच्या दृष्टीने चांगली धरायची याची यादी, करण्याची घोषणा २०२४-२५ च्या अर्थसंकल्पात झाली आणि तिचा मसुदा मे २०२५ मध्ये हरकती-सूचनांसाठी समोर आला. तोवर प्रत्येक नियमाने आपापली ‘हरित’ची यादी केली होती. म्हणून हाती येणाऱ्या प्रत्येक कागदात ही यादी स्वतंत्रपणे शोधावी लागते.

दुसरी पायरी: एका कंपनीचा बीआरएसआर स्वतः वाचा

ही पायरी वेळ खाते, पण वगळू नका. ज्या कंपनीचे शेअर तुमच्याकडे आहेत किंवा जिचा साबण, सिमेंट, दुचाकी तुम्ही वापरता, अशी एक निवडा. अहवाल कंपनीच्या संकेतस्थळावर गुंतवणूकदारांच्या विभागात मिळतो, बहुधा वार्षिक अहवालाच्या आत. शेअर बाजारांच्या संकेतस्थळांवरही असतो.

अहवालाचे तीन भाग असतात. पहिल्या भागात कंपनीची सर्वसाधारण माहिती, दुसऱ्यात धोरणं आणि व्यवस्थापन, तिसऱ्यात जबाबदार व्यवसायाच्या नऊ तत्त्वांनुसार आकडेवारी. दुसरा भाग सुरुवातीला चाळून सोडून द्या. धोरण आहे का या प्रश्नाला जवळपास सगळ्या कंपन्या ‘होय’ लिहितात आणि त्यातून फारसं काही कळत नाही. खरा ऐवज पहिल्या आणि तिसऱ्या भागात आहे.

पहिल्या भागात कायम कर्मचारी किती आणि कायम नसलेले किती, हे वेगवेगळं दिलेलं असतं. कामगारांचंही तसंच. एखाद्या कारखान्यात कायम कामगार मूठभर आणि बाकी सगळे कंत्राटी असतील तर ते इथे दिसतं. त्याच भागात नोकरी सोडून जाणाऱ्यांचं प्रमाण आणि आलेल्या तक्रारींची संख्या असते. ही दोन पानं वाचली की पुढच्या चकचकीत छायाचित्रांकडे तुम्ही वेगळ्या नजरेने बघाल.

तिसऱ्या भागातल्या पाच गोष्टी बघा. तिसऱ्या तत्त्वाखाली कामगारांच्या सुरक्षिततेची आकडेवारी असते, अपघाती मृत्यूंसकट. पाचव्या तत्त्वाखाली किती लोकांना किमान वेतनाइतकंच मिळतं आणि किती जणांना त्याहून जास्त, हे कळतं. स्त्री आणि पुरुष यांचं मध्यम वेतनही (सगळे पगार चढत्या क्रमाने लावले तर मधोमध येणारं) तिथेच असतं. सहाव्या तत्त्वाखाली वीज, पाणी, कचरा आणि हरितगृह वायूंचे आकडे असतात. पाणीटंचाईच्या भागात कंपनीचे कारखाने असतील तर त्यांनी किती पाणी उचललं, हा प्रश्नही तिथे आहे. मराठवाड्यात किंवा सोलापूरकडे राहणाऱ्या वाचकाला या ओळीचं मोल मी सांगायला नको. पाचवी गोष्ट पहिल्या तत्त्वाखाली सापडते. पुरवठादारांचे पैसे चुकते करायला कंपनी सरासरी किती दिवस लावते, हे तिथे लिहावं लागतं. भोसरी, सातपूर किंवा गोकुळ शिरगावच्या छोट्या कारखानदारांचं बिल मोठ्या कंपनीकडे महिनोन्‌महिने अडकतं, हे आपण सगळे जाणतो. पर्यावरणाच्या चर्चेत हा मुद्दा कुणी काढत नाही. मला मात्र कंपनीच्या जबाबदारीची ही सर्वांत प्रामाणिक खूण वाटते.

बहुतेक आकडे दोन वर्षांचे शेजारी-शेजारी दिलेले असतात. इथे एक सापळा आहे. कंपन्या ‘तीव्रता’ कमी झाल्याचं ठळकपणे सांगतात, म्हणजे प्रत्येक रुपयाच्या उलाढालीमागे लागणारं पाणी किंवा होणारं उत्सर्जन. उलाढाल वाढली की हा आकडा आपोआप खाली येऊ शकतो, आणि त्याच वेळी एकूण पाणी आणि एकूण धूर वाढलेला असू शकतो. दोन्ही आकडे अहवालात असतात. दोन्ही बघा.

आता तपासणीचा प्रश्न. सुरुवातीला कंपनी लिहील ते खरं मानायचं, अशीच स्थिती होती. जुलै २०२३ मध्ये सेबीने ‘बीआरएसआर कोअर’ आणलं. निवडक आकड्यांचा हा गाभा बाहेरच्या तज्ज्ञाकडून तपासून घ्यायचा. पहिल्या १५० कंपन्यांनी २०२३-२४ पासून, मग टप्प्याटप्प्याने २५०, ५०० आणि २०२६-२७ मध्ये १०००, असं वेळापत्रक ठरलं. तपासनिसाचा अहवाल जोडलेला आहे का, आणि त्याने नेमके कोणते आकडे तपासले, हे बघायला विसरू नका. न तपासलेला आकडा म्हणजे कंपनीचं म्हणणं, एवढंच त्याचं वजन.

मोठ्या कंपनीने आपल्या पुरवठादारांचीही माहिती द्यावी, अशी अटही त्याच वेळी आली होती. उद्योगांच्या तक्रारींनंतर ती एक वर्ष पुढे गेली आणि ऐच्छिक झाली. मला हे माघार घेणं पटत नाही. कपड्याच्या ब्रँडचा धूर त्याच्या मुख्यालयातून निघत नाही, तो कापड रंगवणाऱ्या छोट्या युनिटातून निघतो. छोट्या युनिटांवर कागदांचा बोजा पडेल ही भीती खरी आहे. पण मोठ्या कंपनीने त्यांना मदत करावी, असा नियम करणं शक्य होतं.

आणखी एक मर्यादा ध्यानात असू द्या. हा नियम सूचिबद्ध कंपन्यांपुरता आहे. सहकारी साखर कारखाना, तालुक्यातली खासगी दूध डेअरी, सूचिबद्ध नसलेला बिल्डर यांना तो लागू नाही. महाराष्ट्राच्या नद्यांमध्ये जे सांडपाणी जातं त्यातलं पुष्कळसं या चौकटीच्या बाहेरचं आहे.

जाता जाता: कंपनीने शाळेला बाकं दिली, झाडं लावली, हे सीएसआर, म्हणजे कंपनीचा समाजकार्यावरचा खर्च, झालं. २०१३ च्या कंपनी कायद्याच्या कलम १३५ नुसार ठरावीक आकारापुढच्या कंपन्यांना सरासरी नफ्याच्या २ टक्के रक्कम त्यावर खर्च करावीच लागते. उरलेला ९८ टक्के नफा कसा मिळवला, हा बीआरएसआरचा विषय आहे. या दोन्हींची गल्लत करू नका.

तिसरी पायरी: ईएसजी फंडाचं नाव नीट वाचा, मग त्याने दिलेली मतं

थेट शेअर घेण्याइतका वेळ सगळ्यांकडे नसतो. त्यांच्यासाठी ईएसजी म्युच्युअल फंड आहेत. पूर्वी अशा फंडांमध्ये आणि शेअरमध्ये पैसे घालणाऱ्या साध्या इक्विटी फंडांमध्ये फरक शोधणं कठीण होतं. जुलै २०२३ च्या परिपत्रकाने सेबीने सहा प्रकार ठरवले: काही उद्योग वगळणारे, ईएसजी घटक इतर आर्थिक घटकांबरोबर विचारात घेणारे, आपापल्या क्षेत्रातल्या चांगल्या कंपन्या निवडणारे, मोजता येईल असा सामाजिक परिणाम साधणारे, शाश्वततेचं ठरावीक उद्दिष्ट असणारे, आणि बदलाच्या वाटेवर असलेल्या कंपन्यांना साथ देणारे. फंडाच्या नावातच यातला प्रकार लिहावा लागतो.

हे नाव फार महत्त्वाचं आहे. ‘वगळणारा’ फंड दारू, तंबाखू यांसारखे उद्योग टाळेल, पण बाकीच्यांत निवड करेलच असं नाही. ‘बदलाच्या वाटेवरचा’ फंड कोळसा वापरणाऱ्या कंपनीतही पैसे घालू शकतो, कारण ती कंपनी सुधारते आहे असं त्याचं म्हणणं असतं. दोन्ही भूमिका प्रामाणिक असू शकतात. तुमची अपेक्षा कोणती हे तुम्ही आधी ठरवा. घरात कुणी तंबाखूने गेलं असेल तर पहिला प्रकार जवळचा वाटेल. औद्योगिक पट्ट्यात राहणाऱ्याला कदाचित शेवटचा.

नियमानुसार फंडाच्या किमान ८० टक्के मालमत्तेची गुंतवणूक जाहीर केलेल्या धोरणाप्रमाणेच असावी लागते. दर महिन्याच्या यादीत प्रत्येक कंपनीचे ईएसजी गुण आणि ते देणाऱ्या संस्थेचं नाव द्यावं लागतं. असे गुण देणाऱ्या संस्थांनाही २०२३ पासून सेबीची नोंदणी लागते. एक ध्यानात ठेवा: दोन संस्था एकाच कंपनीला बरेच वेगळे गुण देऊ शकतात, कारण कशाला किती महत्त्व द्यायचं ते प्रत्येकीचं वेगळं असतं. गुण सोडून मुद्दे वाचा.

आता मतांबद्दल. म्युच्युअल फंडात पैसे घातले की कंपनीच्या सभेत मत देण्याचा हक्क फंडाकडे जातो. एप्रिल २०२२ पासून फंडांना आपल्याकडच्या शेअरच्या बाबतीत सर्व ठरावांवर मत देणं बंधनकारक आहे आणि ते दर तिमाहीला कारणांसह जाहीर करावं लागतं. ही फाइल फंड कंपनीच्या संकेतस्थळावर असते. तिच्यात तुमच्या ओळखीची एखादी कंपनी शोधा. प्रवर्तकांच्या, म्हणजे कंपनी ज्यांच्या ताब्यात आहे त्यांच्या, भरमसाट वेतनवाढीचा ठराव आला तेव्हा फंडाने काय केलं? कारणाच्या रकान्यात दोन ओळींचा विचार आहे, की सगळीकडे एकच छापील वाक्य? फंडाची नियत मला माहितीपत्रकापेक्षा या फाइलीत लवकर दिसते. तुमच्याकडे थेट शेअर असतील, अगदी एक असला तरी, ई-मतदानाचा दुवा तुमच्याही ईमेलवर येतो. तो उघडत जा.

चौथी पायरी: हरित रोखे, दिल्लीचे आणि महापालिकेचे

केंद्र सरकारने हरित रोख्यांची चौकट नोव्हेंबर २०२२ मध्ये जाहीर केली आणि २५ जानेवारी २०२३ रोजी पहिला लिलाव झाला. ८,००० कोटींचे रोखे विकले गेले: पाच वर्षांचे ७.१० टक्क्यांनी आणि दहा वर्षांचे ७.२९ टक्क्यांनी. दोन आठवड्यांनी आणखी ८,००० कोटी उभे राहिले. चौकटीत नऊ प्रकारची कामं बसतात: अक्षय ऊर्जा, स्वच्छ वाहतूक, पाणी आणि कचरा व्यवस्थापन, जैवविविधता वगैरे. कोळसा-तेल, अणुऊर्जा आणि २५ मेगावॉटपेक्षा मोठे जलविद्युत प्रकल्प स्पष्टपणे वगळले आहेत. नॉर्वेच्या एका स्वतंत्र संस्थेने चौकट तपासून तिला ‘मध्यम हरित’ असा शेरा दिला.

पहिल्या लिलावात सरकारला साध्या रोख्यांपेक्षा शंभर रुपयांमागे वर्षाला पाच-सहा पैसे कमी व्याज पडलं. ८,००० कोटींवर ही बचत वर्षाला साधारण चार कोटींची होते. सरकारच्या कर्जापुढे ती किरकोळ आहे. आणि पुढच्या काळात काही लिलावांना पुरेशी मागणीच आली नाही. साहजिक आहे. या रोख्यांना करसवलत नाही; व्याजावर नेहमीसारखाच कर लागतो. चांगल्या कामासाठी कमी व्याज घ्या, एवढं सांगून धोरण उभं राहत नाही. विमा कंपन्या आणि पेन्शन फंड यांना अशा रोख्यांकडे वळवणारी ठोस सवलत लागते.

तरी शिस्तीचा फायदा झाला, हे मान्य करायला हवं. पैसा जातो तो भारताच्या संचित निधीत, म्हणजे सरकारच्या मुख्य तिजोरीतच, पण त्याचा वेगळा हिशेब ठेवायचा आणि कामांची निवड मुख्य आर्थिक सल्लागारांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने करायची, असं चौकटीने घालून दिलं आहे. हे रोखे घ्यायचे असतील तर रिझर्व्ह बँकेच्या ‘रिटेल डायरेक्ट’ योजनेत खातं उघडा. नोव्हेंबर २०२१ पासून ही सोय आहे. पॅन, बचत खातं आणि केवायसी पुरतं, शुल्क नाही, आणि किमान रक्कम १०,००० रुपये. व्याज सहामाही मिळतं. मुदतीआधी विकायचं झालं तर गिऱ्हाईक लगेच मिळेलच असं नाही, म्हणून अडीनडीचा पैसा यात घालू नये.

महापालिकांचे रोखे मला जास्त जवळचे वाटतात, कारण काम डोळ्यांना दिसतं. इंदूर महापालिकेने फेब्रुवारी २०२३ मध्ये ८.२५ टक्के व्याजाने २४४ कोटींचे हरित रोखे थेट जनतेला विकले. महापालिकेने हरित रोखे असे सर्वसामान्यांसाठी खुले करण्याची देशातली ती पहिलीच वेळ. नर्मदेचं पाणी शहरापर्यंत चढवायला प्रचंड वीज लागते आणि तिचं बिल महापालिकेच्या तिजोरीवर दरमहा पडतं. त्या पैशातून खरगोन जिल्ह्यातल्या जलूद इथे ६० मेगावॉटचा सौर प्रकल्प उभारायचा, असं ठरलं. रोख्यांच्या १२२ कोटींच्या मूळ आकाराच्या तुलनेत मागणी जवळपास सहापट आली. या प्रकल्पाचं यश मोजायला तज्ज्ञ लागत नाही. पाण्याच्या पंपांचं वीजबिल आधी किती होतं आणि नंतर किती झालं, एवढं विचारायचं.

यामागेही केंद्राचं धोरण होतं. शहरांच्या पाणी-सांडपाण्यासाठीच्या अमृत योजनेखाली रोखे काढणाऱ्या महापालिकेला दर १०० कोटींमागे १३ कोटींचं प्रोत्साहन मिळतं, २६ कोटींच्या मर्यादेपर्यंत. त्यामुळे व्याजाचा भार हलका होतो आणि महापालिकेला पतमानांकन, हिशेब, लेखापरीक्षण नीट ठेवणं भाग पडतं. माझ्या मते दुसरा फायदा पहिल्यापेक्षा मोठा आहे.

आपल्याकडे पुणे महापालिकेने २०१७ मध्ये पाणीपुरवठ्यासाठी २०० कोटींचे साधे रोखे काढले होते. हरित रोख्यांचा मान पिंपरी-चिंचवडकडे जातो. २०२५ मध्ये तिथल्या महापालिकेने २०० कोटी उभे केले, ते पायी चालणाऱ्यांना आणि सायकलस्वारांना सोयीचे रस्ते करण्यासाठी. कामं उपयोगी आहेत. पण इथे मोजमापाचा प्रश्न इंदूरपेक्षा अवघड होतो. पदपथ रुंद झाला म्हणून किती लोकांनी दुचाकी घरी ठेवली, हे बिलावर दिसत नाही. त्यासाठी कामाआधीची आणि नंतरची मोजणी जाहीर व्हायला हवी.

सरकारी आणि महापालिकेच्या रोख्यांच्या बाबतीत तुमच्या हातात एक हत्यार आहे, जे खासगी कंपनीविरुद्ध चालत नाही: माहितीचा अधिकार. दहा रुपयांत अर्ज होतो. महाराष्ट्राच्या नियमांनुसार एका अर्जात एकच विषय घ्यावा आणि तो साधारण १५० शब्दांत बसवावा. रोख्यांतून आलेल्या रकमेपैकी अमुक तारखेपर्यंत कोणत्या कामावर किती खर्च झाली आणि उरलेली रक्कम कोणत्या खात्यात आहे, एवढंच मागा. रोखे तुमच्याकडे असोत नसोत, करदाता म्हणून हा प्रश्न तुमचा आहेच.

पैसा ठरल्या जागी गेला नाही तर काय, या तिसऱ्या प्रश्नाचं भारतातलं सर्वांत ठोस उत्तर मला सेबीच्या एका परिपत्रकात सापडतं. फेब्रुवारी २०२३ मध्ये हरित कर्जरोखे काढणाऱ्यांसाठी सेबीने काय करावं आणि काय करू नये, हे सांगितलं. पैसा हरित कामाबाहेर गेला तर ते रोखेधारकांना कळवायचं, आणि बहुसंख्य रोखेधारकांनी मागणी केली तर रोखे मुदतीआधी परत फेडायचे. एखाद्या कंपनीचे हरित रोखे घेताना माहितीपत्रकात हे कलम कसं उतरलं आहे ते शोधा. सापडलं नाही तर लेखी विचारा.

पाचवी पायरी: बँकेतली हरित ठेव

रिझर्व्ह बँकेची हरित ठेवींची चौकट १ जून २०२३ पासून लागू आहे. बँकेने आधी धोरण जाहीर करायचं, ठेवींचा पैसा ठरावीक कामांनाच कर्जाऊ द्यायचा, दरवर्षी बाहेरच्या संस्थेकडून तपासून घ्यायचं आणि तो अहवाल संकेतस्थळावर ठेवायचा. तुमचं मुद्दल आणि व्याज बाकी ठेवींसारखंच, ५ लाखांपर्यंतचा ठेव विमाही तसाच. व्याज मात्र काही बँकांनी नेहमीपेक्षा थोडं कमी ठेवलं. शाखेत दोन्ही दर विचारा आणि फरक आपल्याला चालतो का ते ठरवा.

महाराष्ट्रातल्या वाचकाने इथे विशेष सावध राहावं. ही चौकट व्यापारी बँका, स्मॉल फायनान्स बँका आणि ठेवी घेणाऱ्या वित्त कंपन्यांसाठी आहे. सहकारी बँका तिच्यात नाहीत, पतसंस्था तर नाहीतच. उद्या एखाद्या पतसंस्थेने ‘हरित ठेव’ असा फलक लावला तर त्यामागे रिझर्व्ह बँकेचा हा नियम नसेल, आणि पतसंस्थेतल्या ठेवीला ठेव विमा महामंडळाचं संरक्षणही नसतं. आपल्याकडच्या गावोगावच्या बचतीचा केवढा तरी हिस्सा सहकारात आहे. चांगल्या नागरी सहकारी बँकांना या चौकटीत यायची वाट करून दिली, तर गावातला पैसा गावातल्याच सौरपंपाला आणि बायोगॅसला लागू शकेल. ही मागणी सहकार क्षेत्रातूनच जोरात यायला हवी.

सहावी पायरी: स्वतःचं छप्पर

शेअर, फंड, रोखे यांत पडायचं नसेल तर छपरावरची सौर यंत्रणा हीसुद्धा गुंतवणूकच आहे. इथे पैसा कुठे गेला हे तपासायला जिना चढला की झालं. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या ‘पीएम सूर्यघर’ योजनेत केंद्र सरकार घरगुती सौर यंत्रणेला पहिल्या दोन किलोवॉटपर्यंत प्रत्येकी ३०,००० रुपये देतं आणि तीन किंवा अधिक किलोवॉटला एकूण ७८,००० रुपये. गृहनिर्माण संस्थांना लिफ्ट, पंप, जिन्यातले दिवे, वाहन चार्जिंग अशा सामाईक वापरासाठी किलोवॉटमागे १८,००० रुपये, ५०० किलोवॉटच्या मर्यादेपर्यंत.

क्रम असा ठेवा. वर्षभराची वीजबिलं काढून सरासरी युनिट लिहा. गच्चीवर सावली कुठून येते ते सकाळी, दुपारी आणि संध्याकाळी बघा. मग या योजनेच्या राष्ट्रीय पोर्टलवर नोंदणी करा आणि तिथल्याच यादीतल्या किमान तीन विक्रेत्यांकडून लेखी दर घ्या. पॅनेल भारतीय बनावटीच्या सेलचेच हवेत, नाहीतर अनुदान मिळत नाही. संस्थेत राहत असाल तर आधी सर्वसाधारण सभेचा ठराव करून घ्या. गच्चीच्या हक्कावरून होणारी भांडणं नंतर निस्तरणं फार जड जातं.

शेतकरी वाचकांसाठी एक वेगळी वाट आहे. ‘मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २.०’ मध्ये प्रकल्पासाठी जमीन भाड्याने देणाऱ्याला हेक्टरी वर्षाला १ लाख २५ हजार रुपये भाडं ठरलं आहे. पडीक जमिनीला हा चांगला दर आहे. गावाची गायरान जमीन प्रकल्पाला जात असेल तेव्हा मात्र गुरं कुठे चरणार, हा प्रश्न ग्रामसभेत मांडलाच पाहिजे. सूर्यप्रकाशापासून वीज झाली म्हणून तिथल्या माणसांचा प्रश्न सुटत नाही.

सातवी पायरी: सोशल स्टॉक एक्स्चेंज

थोडक्यात सांगतो. सामाजिक संस्थांना शेअर बाजारातून निधी उभारता यावा म्हणून हा विभाग आहे. संस्था जे रोखे देते त्यावर व्याज नाही आणि मुद्दलही परत येत नाही. म्हणजे ही देणगीच, फक्त संस्थेला कामाचा परिणाम दरवर्षी जाहीर करावा लागतो. सुरुवातीला किमान रक्कम मोठी होती, २०२५ मध्ये ती १,००० रुपयांवर आणली गेली. परताव्याच्या आशेने इथे येऊ नका; नेहमी देणगी देत असाल तर जरूर बघा.

आठवी पायरी: तक्रार करा आणि नियम घडवा

फंड किंवा सूचिबद्ध कंपनी यांच्याबद्दल तक्रार असेल तर सेबीचं ‘स्कोअर्स’ पोर्टल. तिथे संबंधित संस्थेने २१ दिवसांत उत्तर द्यायचं असतं. बँकेबद्दल असेल तर आधी बँकेकडे लेखी आणि मग रिझर्व्ह बँकेचा लोकपाल. वस्तू किंवा सेवेच्या जाहिरातीत पर्यावरणाचा खोटा दावा असेल तर ऑक्टोबर २०२४ पासून केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाची खास मार्गदर्शक तत्त्वं आहेत. ‘पर्यावरणपूरक’ म्हणायचं तर पुरावा द्यावा लागतो. ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५.

यापलीकडचं काम फार थोडे लोक करतात. सेबी आणि रिझर्व्ह बँक नवा नियम करण्याआधी बहुतेक वेळा मसुदा संकेतस्थळावर टाकतात आणि सूचना मागवतात. मुदत साधारण दोन-तीन आठवड्यांची असते. उद्योग संघटना, मोठे फंड, सल्लागार कंपन्या आवर्जून लिहितात. सामान्य गुंतवणूकदार लिहीत नाही, आणि मग पुरवठादारांच्या माहितीसारखी अट ऐच्छिक होते तेव्हा दुसऱ्या बाजूने बोलणारं कुणी नसतं.

सूचना पाठवणं अवघड नाही. मसुदा उघडा आणि तुम्हाला कळलेलं एकच कलम निवडा. त्याचा क्रमांक लिहा, सध्याचं वाक्य लिहा, त्याखाली तुम्हाला हवं असलेलं वाक्य लिहा, आणि कारण पाच ओळींत द्या. कारण तुमच्या अनुभवातलं असू द्या: छोट्या कारखान्याचं बिल किती दिवस अडकलं, गावाच्या ओढ्याचं पाणी कधी बदललं, महापालिकेने कोणती माहिती दिली नाही. सेबीच्या संकेतस्थळावर सूचनांसाठी नमुना अर्ज असतो, त्यात रकाने तयार मिळतात. सोबत गृहनिर्माण संस्थेचे, बचत गटाचे किंवा ग्राहक पंचायतीतले चार-पाच जण घ्या, प्रत्येकाने स्वतःच्या शब्दांत लिहा, आणि मुदत संपायच्या दोन दिवस आधी पाठवा, म्हणजे पोर्टल अडलं तरी वेळ हाताशी राहतो.